भास्कराचार्यांचं देशांतर आणि आपलं शेल



‘लीलावती’ हे नाव ज्याच्या कानावरून गेलेलं नाही असा विद्यार्थी आपल्या होस्टेलवर सापडणं कठीण. शाळेत कमळांचं गणित, कॉलेजात एखादा सेमिनार, पुढे स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एका मार्काचा प्रश्न, एवढ्यावर भास्कराचार्य आपल्याला भेटतात आणि निघून जातात. माणूस कोण होता, कुठला होता, आयुष्यभर नेमकं काय करत होता, असं विचारलं तर बहुतेकांची गाडी दोन वाक्यांत थांबते. म्हणून या अंकासाठी त्यांचं चरित्र निवडलं.

चरित्र सांगताना आपल्या लॅबमधली एक साधी गोष्ट सोबत घेतली आहे. युनिक्स किंवा लिनक्सच्या शेलमध्ये एखाद्या व्हेरिएबलची किंमत फक्त एकाच कमांडपुरती ठरवता येते. कमांड संपली की शेल पहिल्यासारखं. ही सोय पाच मिनिटांत शिकवली जाते आणि तितक्याच वेळात विसरलीही जाते. भास्कराचार्यांच्या ग्रहगणितात हीच शिस्त पानोपानी दिसते. मूळ मांडणीला हात लावायचा नाही, आणि जी किंमत बदलायची ती समोरच्या गणितापुरतीच बदलायची. त्यांचे ग्रंथ इतकी शतकं देशभर वापरात राहिले, त्याचं एक मोठं कारण या शिस्तीत आहे असं मला वाटतं. ते कसं, ते बघू.

जन्म, घराणं आणि गावाचा वाद

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ.स. १११४ मध्ये झाला. जुन्या विद्वानांचं जन्मसाल ठरवताना संशोधकांचा जीव मेटाकुटीला येतो, पण इथे तो प्रश्न नाही. हे साल त्यांनी स्वतःच ग्रंथात नोंदवून ठेवलं आहे. गोत्र शांडिल्य. वडील महेश्वर हे स्वतः मोठे ज्योतिषी, आणि तेच मुलाचे गुरू. घरात पिढ्यान् पिढ्या विद्या होती. त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि मग आपले भास्कराचार्य, अशी वंशावळ एका शिलालेखात कोरलेली आहे. त्या शिलालेखाकडे पुढे येऊच.

गावाचं नाव त्यांनी विज्जडविड असं दिलं आहे आणि ते सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचं सांगितलं आहे. हे विज्जडविड कुठलं, यावर मात्र बरीच ओढाताण झाली. नावाच्या साम्यावरून काहींनी आपलं बीड सुचवलं. कुणी विजापूर म्हटलं. अकबराच्या दरबारातला फैजी हा कवी तर त्यांना बिदरचे म्हणतो. आपण बीडकर आहोत म्हणून बीडच्या बाजूने हिरिरीने भांडायला हरकत नाही, पण पुराव्याचं पारडं चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे गावाच्या परिसराकडे झुकतं. घराण्याचा शिलालेख तिथेच सापडला आणि सह्याद्रीच्या रांगाही तिथे जवळ आहेत.

तरीही बीडचा या गोष्टीशी संबंध आहे. तो नावाचा नसून रेखांशाचा आहे.

छत्तिसाव्या वर्षीचा ग्रंथ

इ.स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्याचे चार भाग: लीलावती म्हणजे अंकगणित आणि भूमिती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिले दोन भाग स्वतंत्र पुस्तकांसारखे वाचले गेले, म्हणून आपल्याला तेवढेच ठाऊक असतात. लेखकाच्या लेखी हा एकच प्रकल्प होता. आकाशातल्या ग्रहाची जागा अमुक दिवशी अमुक गावाहून कुठे दिसेल, हे काढायला जे जे लागतं ते सगळं एका ठिकाणी आणायचं. त्यावर ‘वासनाभाष्य’ नावाचं स्पष्टीकरणही त्यांनीच लिहिलं. नियम का चालतो, हे सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

ग्रहगणिताचा पाया दोन गोष्टींवर उभा आहे. एक आरंभ आणि एक जागा.

आरंभ म्हणजे कल्पाचा आरंभ. कल्प ४,३२,००,००,००० वर्षांचा. ब्रह्मगुप्ताच्या परंपरेप्रमाणे एका कल्पात १५,७७,९१,६४,५०,००० दिवस धरले आहेत. भागाकार केलात तर वर्ष ३६५ दिवस, १५ घटी, ३० पळं आणि साडेबावीस विपळांचं येतं. आरंभापासून आजपर्यंत किती दिवस झाले, त्या आकड्याला अहर्गण म्हणतात. अहर्गण मिळाला की ग्रहाची मध्यम जागा त्रैराशिकाने निघते.

जागा म्हणजे लंकेपासून उज्जैन आणि कुरुक्षेत्रावरून उत्तरेला मेरूपर्यंत जाणारी मध्यरेषा. सगळे मध्यम ग्रह आधी या रेषेसाठी काढायचे. तुमचं गाव कोणतं, हा प्रश्न तोपर्यंत विचारायचाच नाही.

आता टर्मिनलकडे या. युनिक्सचा आरंभ १ जानेवारी १९७०, ग्रीनिचची मध्यरात्र. यंत्राच्या पोटात त्या क्षणापासूनचे सेकंद मोजले जातात. हा आपला अहर्गण. तो मुंबईत वेगळा आणि न्यूयॉर्कमध्ये वेगळा नसतो. तुम्ही डेट ही कमांड देता तेव्हा ती सेकंदांचा आकडा घेते, टीझेड या व्हेरिएबलमध्ये कुठला टाइम झोन आहे ते बघते आणि त्याप्रमाणे घड्याळ दाखवते. टीझेड ठरवलेलंच नसेल तर सिस्टिमचा ठरलेला झोन घेते. म्हणजे आरंभ सगळ्यांचा एक, आणि गावाचा हिशेब शेवटी.

बीड, अंबाजोगाई आणि देशांतर

गावाच्या या हिशेबाला भास्कराचार्यांच्या शास्त्रात देशांतर-संस्कार म्हणतात. गाव मध्यरेषेच्या पूर्वेला असेल तर तिथे सूर्य आधी उगवतो. त्या वेळेपर्यंत ग्रह थोडा कमी सरकलेला असतो, म्हणून दुरुस्ती वजा करायची. पश्चिमेला असेल तर मिळवायची. किती, हेही सरळ आहे. रेषेपासूनचं गावाचं अंतर योजनांत घ्या, ग्रहाच्या रोजच्या गतीने गुणा आणि पृथ्वीच्या परिघाने भागा. भास्कराचार्यांनी हा परीघ ४,९६७ योजने धरला आहे. विषुववृत्तापासून वर गेलं की वर्तुळ लहान होतं, म्हणून परीघही त्या अक्षांशाप्रमाणे कमी करून घ्यायचा, हेसुद्धा ते सांगतात.

आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घेऊ. उज्जैनचा रेखांश सुमारे ७५.८ अंश पूर्व. बीड शहराचाही सुमारे ७५.८ अंश पूर्व! नकाशावर पट्टी ठेवून पाहा, दोन्ही गावं जवळजवळ एका उभ्या रेषेत येतात. म्हणजे बीडसाठी देशांतर शून्य धरलं तरी चालतं. भास्कराचार्य बीडचे असोत वा नसोत, त्यांची मध्यरेषा आपल्या गावावरून जाते.

अंबाजोगाई मात्र या रेषेच्या सुमारे ०.६ अंश पूर्वेला आहे. तिथल्या अक्षांशावर परीघ जवळपास ४,७०० योजनांचा होतो आणि ०.६ अंशाची सुमारे ८ योजने होतात. चंद्राची मध्यम गती रोज सुमारे ७९० कला. आठला ७९० ने गुणून ४,७०० ने भागलं की १.३ कला येतात. अंबाजोगाईच्या पंचांगकर्त्याने चंद्रातून तेवढ्या वजा करायच्या. वेळेत सांगायचं तर सुमारे सहा पळं, म्हणजे अडीच मिनिटांच्या आतबाहेर. आष्टीचा पंचांगकर्ता पश्चिमेला, त्याने मिळवायच्या. दोघांच्या हातात पोथी मात्र एकच.

दुसरी स्थानिक किंमत म्हणजे पलभा. दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी, भर दुपारी, बारा अंगुळं उंचीच्या काठीची जी सावली पडते ती पलभा. बीडचा अक्षांश सुमारे १९ अंश, त्यामुळे इथली पलभा ४ अंगुळं आणि साधारण ८ व्यंगुळं येते. करणग्रंथांतल्या सोप्या नियमाप्रमाणे तिला अनुक्रमे १०, ८ आणि ३ पूर्णांक एक तृतीयांशने गुणलं की ४१, ३३ आणि १४ पळं मिळतात. बेरीज ८८ पळं. सर्वांत मोठ्या दिवशी तीस घटींच्या दिवसात याची दुप्पट मिळवायची. उत्तर ३२ घटी ५६ पळं, म्हणजे १३ तास १० मिनिटं. जूनमधल्या आपल्या मोठ्यात मोठ्या दिवसाशी हे फक्त काही मिनिटांच्या फरकाने जुळतं. हातात काठी, जमिनीवर सावली आणि एक गुणाकार!

उज्जैनची पलभा पाच अंगुळांच्या वर आहे. म्हणजे बीडकराने देशांतर मूळचंच ठेवायचं आणि पलभा तेवढी आपली घालायची. एकाच गणिताला दोन स्थानिक किमती, एक ठरलेली आणि एक बदललेली.

शेल हे कसं करतं

हीच गोष्ट शेलमध्ये करून बघा. बीडची स्वतःची वेळ, म्हणजे ७५.८ अंशांना चाराने गुणून आलेली मिनिटं, ग्रीनिचच्या ५ तास ३ मिनिटं पुढे. भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे. आता ही ओळ टाका:

टीझेड=बीआयडी-५:०३ डेट

इथे छपाईसाठी नागरीत लिहिलं आहे. टाइप करताना टीझेड मोठ्या इंग्रजी अक्षरांत, डेट लहान अक्षरांत आणि आकडे इंग्रजी. झोनच्या नावाला किमान तीन अक्षरं लागतात, म्हणून बी, आय, डी. पडद्यावर मनगटी घड्याळापेक्षा २७ मिनिटं मागची वेळ येईल. ती बीडची स्थानिक मध्यम वेळ. अंबाजोगाईसाठी ५:०५:३० टाका. आकड्याआधीचं वजाचं चिन्ह पाहून गोंधळू नका. या पद्धतीत स्थानिक वेळेत किती मिळवलं की ग्रीनिचची वेळ येते, तो आकडा लिहायचा असतो, म्हणून पूर्वेच्या गावाला वजा. भास्कराचार्यांच्या देशांतरातही पूर्वेला वजाच. कारणं वेगळी, चिन्ह एक.

आता लगेच पुढच्या ओळीत नुसतं डेट द्या. घड्याळ पुन्हा प्रमाणवेळेवर. कुठलीही किंमत परत जागेवर ठेवावी लागली नाही.

हे घडतं कसं? एन्व्हायर्नमेंट म्हणजे प्रत्येक प्रोसेससोबत असलेली नाव-किंमत जोड्यांची यादी. ही व्यवस्था १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये, स्टीफन बोर्न यांच्या शेलबरोबर आली. शेल कमांड चालवताना आधी स्वतःची एक प्रत काढतं. ही फोर्क. त्या प्रतीच्या यादीत टीझेडची नवी किंमत घातली जाते आणि मग एक्झेकने त्या जागी डेट हा प्रोग्रॅम येतो. काम संपलं की प्रत जाते आणि तिच्याबरोबर तिची यादीही जाते. मूळ शेलच्या यादीला कुणी बोटही लावलेलं नसतं. मुलगा वडिलांची यादी घेऊन बाजारात जातो, पण त्याने त्यावर काही खरडलं म्हणून घरातली यादी बदलत नाही.

इथे तीन प्रकार नीट वेगळे ठेवायला हवेत. व्हेरिएबल आणि किंमत एवढंच एका ओळीत लिहिलं तर ती शेलची खाजगी किंमत होते, आणि आधी एक्सपोर्ट झालेली नसेल तर कमांडपर्यंत पोचतच नाही. एक्सपोर्ट केलं तर त्या शेलमधून पुढे निघणाऱ्या प्रत्येक कमांडला ती मिळते. आणि कमांडच्या आधी त्याच ओळीत लिहिली तर फक्त त्या कमांडला.

थोड्या खाचाखोचा. बरोबरच्या चिन्हाभोवती जागा सोडायची नाही, नाहीतर शेल टीझेड नावाची कमांडच शोधायला लागतं. त्याच ओळीत एकोने डॉलर टीझेड छापायला गेलात तर जुनीच किंमत छापली जाते, कारण डॉलरच्या जागी किंमत घालण्याचं काम मूळ शेल आधीच उरकून घेतं. पाइप असेल तर किंमत ज्या कमांडच्या पुढे लिहिली तिलाच लागू. सॉर्टसाठी एलसी-ऑल ठरवायचं असेल तर ते सॉर्टच्या लगेच आधी लिहा, पाइपच्या सुरुवातीला लिहून उपयोग नाही. आणि सी-शेलमध्ये ही सोय नाही, तिथे ओळीच्या सुरुवातीला एन्व्ह ही कमांड घ्यावी लागते. एन्व्ह बाकीच्या शेलमध्येही चालते.

लीलावतीतलं इष्ट

पुन्हा बाराव्या शतकात जाऊ. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, तिच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रात मोती अडकल्यामुळे चुकला आणि तिचं दुःख हलकं करायला हा ग्रंथ लिहिला, ही गोष्ट आपण ऐकलेली आहे. ती फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत येते, म्हणजे ग्रंथानंतर चारशेहून जास्त वर्षांनी. मूळ ग्रंथात ती नाही. तिथे प्रश्न कधी एका मुलीला, कधी मित्राला, कधी व्यापाऱ्याला विचारलेले आहेत. मोती, हंस, भुंगे, माकडं, साप आणि मोर, असा सगळा परिवार गणितात येतो. शिकणाऱ्याचा जीव रमला पाहिजे, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

या ग्रंथात इष्टकर्म नावाची रीत आहे. कमळांचं गणित घ्या. एका राशीतली एक तृतीयांश कमळं शंकराला, एक पंचमांश विष्णूला, एक षष्ठांश सूर्याला, एक चतुर्थांश देवीला वाहिली, उरलेली सहा गुरूंच्या चरणी. एकूण किती? रीत अशी की मनाला येईल तो आकडा धरा. त्याला इष्ट म्हणायचं. समजा ६० धरला. वाहिलेली कमळं २०, १२, १० आणि १५, मिळून ५७. उरली ३. खरी उरलेली ६. म्हणून ६० ला सहाने गुणून तीनने भागा, उत्तर १२०. आता ६० ऐवजी १०० धरून बघा. उरतात ५. शंभरला सहाने गुणून पाचने भागलं की पुन्हा १२०.

इष्ट कोणतंही घ्या, उत्तर बदलत नाही, आणि गणित संपलं की त्या इष्टाचं काम संपतं. पुढच्या उदाहरणाला मागचं ६० चिकटून येत नाही. शेलमधल्या एका ओळीपुरत्या किमतीचं आयुष्यही एवढंच असतं. फरक एवढाच की टीझेडची किंमत उत्तरात दिसते आणि इष्टाची विरून जाते.

बीजगणितात हीच सवय आणखी पक्की झाली आहे. पहिल्या अज्ञात राशीला यावत्तावत्, पुढच्यांना कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावं. लिहिताना फक्त या, का, नी, पी, लो. एका उदाहरणात ‘या’ म्हणजे घोडे असतील, दुसऱ्यात माणकं. नाव तेच, किंमत त्या त्या उदाहरणाची. प्रोग्रॅमिंगच्या पेपरात व्हेरिएबलचा स्कोप म्हणून जे विचारतात, त्याची सवय या पुस्तकावर शिकणाऱ्या मुलांना आपसूक लागत असणार.

त्या क्षणापुरती गती

ग्रहगणितात त्यांनी एक पाऊल आणखी पुढे टाकलं. आजच्या सूर्योदयाची ग्रहाची जागा आणि उद्याच्या सूर्योदयाची जागा यांच्यातलं अंतर म्हणजे दिवसाची गती. बाकी ग्रहांना ही ढोबळ गती चालून जाते. चंद्राचं तसं नाही. तो इतका भरभर चाल बदलतो की सकाळची गती संध्याकाळच्या तिथीला लावली तर तिथीचा शेवट चुकतो. म्हणून भास्कराचार्यांनी तात्कालिक गती वेगळी सांगितली, म्हणजे त्या क्षणाची गती. ती काढताना ज्येतला फरक कोटिज्येच्या प्रमाणात असतो, हे ते वापरतात. आपल्या भाषेत साइनचं डेरिव्हेटिव्ह कोसाइन. न्यूटनच्या सुमारे पाचशे वर्षं आधी ही कल्पना एका पंचांगाच्या गरजेतून आली. दिवसभराची किंमत जिथे खोटी ठरते तिथे क्षणापुरती किंमत घ्यायची, एवढाच त्यामागचा व्यवहारी विचार.

एकोणसत्तराव्या वर्षी

इ.स. ११८३ मध्ये, शके ११०५ ला आरंभ धरून, भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिलं. वय ६९. या वयात लोक जुन्या पुण्याईवर बसतात. यांनी रोजचं पंचांग करणाऱ्यांची अडचण हातात घेतली. कल्पापासूनचा अहर्गण म्हणजे बारा-बारा आकडी संख्या. रोज एवढे गुणाकार कोण करणार? म्हणून जवळचा आरंभ धरला, त्या दिवशीच्या ग्रहांच्या जागा देऊन ठेवल्या आणि पुढचे दिवस तेवढे मोजायला सांगितले.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हा बदल एका गणितापुरता नव्हता, सगळ्यांसाठी आणि कायमचा होता. म्हणून तो त्यांनी सिद्धान्तशिरोमणीत गुपचूप घुसवला नाही. स्वतंत्र ग्रंथ केला, आरंभाचं साल स्पष्ट सांगितलं. कायमची किंमत हवी असेल तर तिला कायमची जागा द्यावी, आणि तात्पुरती असेल तर ती तात्पुरतीच ठेवावी. शेलमध्येही असंच आहे. रोज लागणारी किंमत प्रोफाइल फाइलमध्ये, शक्यतो शेजारी तारीख आणि कारण लिहून. एकदाच लागणारी त्या कमांडच्या पुढे.

पाटण्याचा मठ

भास्कराचार्यांच्या पुढच्या पिढ्या देवगिरीच्या यादवांच्या दरबारी गेल्या. मुलगा लक्ष्मीधर याला राजा जैत्रपालाने बोलावून पंडितांत मुख्य केलं. नातू चांगदेव राजा सिंघणाचा ज्योतिषी झाला. याच सिंघणाचा सेनापती खोलेश्वर आपल्या अंबाजोगाईशी जोडलेला आहे, तिथे त्याच्या काळचे शिलालेख आहेत. म्हणजे राजा एक, त्याचा एक माणूस पाटण्यात आजोबांचं गणित शिकवण्याची व्यवस्था करतो आणि दुसरा आपल्या जिल्ह्यात मंदिरं बांधतो.

चांगदेवाने पाटण्याला मठ काढला. उद्देश एकच, भास्कराचार्यांचे आणि त्यांच्या घराण्याचे ग्रंथ तिथे शिकवले जावेत. तिथल्या निकुंभ घराण्यातल्या राजाने १२०७ च्या सुमारास त्यासाठी उत्पन्न लावून दिलं आणि ते शिलालेखात कोरलं. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे, पण देणगीचा व्यवहार शेवटी त्या काळच्या मराठीत लिहिलेला आहे, म्हणजे गावकऱ्यांना कळावा. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला, आणि त्यामुळेच घराण्याच्या नऊ पिढ्या आपल्याला नावानिशी ठाऊक झाल्या.

मठ गेला, राज्यं गेली, पण ग्रंथ फिरत राहिले. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली. केरळात तिच्यावर ‘क्रियाक्रमकरी’ झाली. काशीत कृष्ण दैवज्ञांनी बीजगणितावर टीका केली. १८१७ मध्ये कोलब्रुकने इंग्रजीत भाषांतर केलं. मराठीत ना. ह. फडके यांचं ‘लीलावती पुनर्दर्शन’ १९७१ मध्ये आलं. भारताने भास्कर नावाचे दोन उपग्रह १९७९ आणि १९८१ मध्ये सोडले.

कोकण, केरळ आणि काशी यांचे रेखांश वेगळे, अक्षांश वेगळे, सावल्या वेगळ्या. तरी पोथी एकच चालली. समजा भास्कराचार्यांनी सगळे आकडे आपल्याच गावासाठी काढून ठेवले असते, तर ग्रंथ त्या गावापुरता राहिला असता. प्रत्येक गावच्या पंचांगकर्त्याला आधी त्यांचं गाव उकरून काढावं लागलं असतं आणि मग आपलं घालावं लागलं असतं. आणि त्यांचं गाव कोणतं यावर तर आपण अजून भांडतो आहोत!

आपल्या लॅबपुरतं

लॅबमधलं एक मशीन दिवसात चार बॅच वापरतात, लॉगिनही बहुतेक वेळा एकच. एकाला आपल्या प्रोजेक्टसाठी पाथ बदलायचा असतो. तो प्रोफाइल फाइलमध्ये एक्सपोर्टची ओळ टाकतो, त्याचं काम होतं, तो मेसला जेवायला जातो. दुपारच्या बॅचच्या मुलाला कंपायलर सापडत नाही. तो बिचारा स्वतःच्या कोडमध्ये दोन तास चूक शोधतो आणि चूक त्याची नसते. प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी हे झालं तर त्या दोन तासांची भरपाई कोण देणार? पहिल्याने तीच किंमत आपल्या एका कमांडच्या पुढे लिहिली असती तर दुसऱ्याचा दिवस वाचला असता.

तेव्हा मंडळी, एक्सपोर्ट टाइप करण्याआधी क्षणभर थांबा. ही किंमत कुणासाठी आणि किती वेळ हवी आहे, एवढं स्वतःला विचारा. आणि सुट्टीत चाळीसगावकडे जाणं झालं तर पाटण्याची वाट जरूर धरा. देवीच्या देवळापाशी आठशे वर्षांपूर्वीचा तो मजकूर आपल्या एका गणिती घराण्याची आठवण सांगत उभा आहे.